बिअर तुमची, प्रमाण माझं

मी बिअर बनवत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण गेल्या गणपतीत आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी मला आरतीनंतर बाजूला घेऊन विचारलं होतं, "अगं, तुझ्याकडे भट्टी आहे म्हणे?"

माझ्याकडे भट्टी नाही. माझ्याकडे शंभर मिलिलिटरचं मोजपात्र आहे, बिनसुईच्या काही सिरिंजा आहेत, बारा छोटे ग्लास आहेत आणि बिअरमध्ये साखर किती उरली आहे ते सांगणारा काचेचा तरंगता काटा आहे. हे सगळं एका डब्यात मावतं आणि डबा सायकलच्या कॅरिअरवर. नेदरलँड्समधल्या झूटरमेरमध्ये आणि आसपासच्या गावांत घरी बिअर करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या फसलेल्या बिअरी एकमेकींत मिसळून पिण्याजोग्या करणं हा माझा व्यवसाय. बिअर त्यांची, प्रमाण माझं. बिअर विकायची तर परवाने आले, कर आले. सल्ला विकायला जीभ आणि आकडेमोड पुरते.

आईला पुण्यात मी 'फूड कन्सल्टिंग' असं सांगितलं आहे. तिने भिशीत त्याचं 'डाएटिशियन' करून टाकलं. आता तिच्या मैत्रिणी मला फोनवर विचारतात की रात्री भात खावा का. मी म्हणते, थोडा खा. अजून तरी कोणाची तक्रार नाही.

हे काम मी शिकले ते पिंपरीच्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथे मी कॉस्टिंग बघायचे. रंगाचा घाणा फसला, म्हणजे करड्यात निळसर झाक आली किंवा पांढरा पिवळट निघाला, की तो फेकायचा नसतो. चांगल्या मालात तो किती टक्के मुरवला तर भिंतीला कळणार नाही, ते काढायचं असतं. ऐकायला हे वाक्य वाईट वाटतं, पण तुमच्या हॉलच्या भिंतीवर बहुधा असाच एखादा घाणा असेल आणि तुम्ही त्याच्यासमोर बसून सुखाने चहा पीत असाल. नवऱ्याच्या व्हिसावर मी इथे आले तेव्हा हे ज्ञान कोणाला नको होतं. मग एके दिवशी समोरचा शेजारी दोन बादल्या बिअर गटारात ओतताना दिसला. एक कडू झाली होती, एक पाणचट. मी रस्ता ओलांडून गेले आणि त्याचा हात धरला. अन्न टाकताना बघवत नाही, हा आमच्याकडचा आजार आहे. दोन्हींतली कपभर घेऊन त्याच्या ओट्यावर मिसळली. तिसऱ्या प्रयत्नात तो म्हणाला, "थांब, बायकोला बोलावतो."

ज्यांना बिअर म्हणजे फक्त फेस माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जवाला मोड आणून वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात ठेवून त्याची साखर काढायची. त्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं उकळायची. गार झालं की यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं आणि बदल्यात दारू आणि गॅस देतं. एवढंच. हौशी माणूस यातली प्रत्येक पायरी चुकवू शकतो आणि चुकवतोच. आता मिसळण्याबद्दल. दोन बिअरी मिसळल्या की दारूचं प्रमाण सरासरीने निघतं, तिथे शाळेतलं गणित चालतं. चव मात्र गणित मानत नाही. कडू निम्मी आणि गोड निम्मी घातली की निम्मी कडू बिअर होत नाही, तिसरंच काहीतरी होतं. आंबट तर चार टक्क्यांपर्यंत गप्प बसते, बाराला छान बोलते आणि पंधराला ओरडायला लागते. म्हणून मी ग्लासात थेंबाथेंबाने सुरुवात करते आणि जमलेलं प्रमाण मग पिंपाला लावते.

माझा एकच नियम कडक आहे. चाखायला काढलेली बिअर परत पिंपात जाणार नाही. इथली माणसं काटकसरी. ग्लासाला तोंड लावतात, घोटभर पितात आणि उरलेली सरळ पिंपात परत ओततात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. उष्टं! आता हे उष्टं प्रकरण डचमध्ये कसं सांगणार? त्यांच्या भाषेत त्याला शब्द नाही, कारण त्यांच्या डोक्यात ती गोष्टच नाही. मी जंतूंवर भाषण देते. ते पटतं.

त्याच सवयीने मी नमुना वरून पिते, ग्लासाला ओठ न लावता, आपण तांब्यातून पाणी पितो तसा. हार्लेमच्या एका कार्यशाळेत मी हे सहज केलं. वर बघते तो काय, समोरच्या सहाही जणांनी माना मागे टाकून ग्लास उंच धरलेले. त्यांना वाटलं ही भारतातली प्राचीन चव घेण्याची पद्धत. दोघांच्या नाकात गेली, एकाच्या कॉलरमध्ये, आणि एक गृहस्थ ठसका आवरत म्हणाले, "हो, असं प्यायलं की सुगंध वेगळाच जाणवतो." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पुढच्या खेपेला ते ॲप्रन घेऊन आले.

पण सांगायचं आहे ते खेरिटबद्दल.

खेरिट हेगमध्ये ट्रॅम चालवायचा. निवृत्त होऊन झूटरमेरमध्ये राहतो, एकटाच, कारण सहा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने, मारैकेने, त्याला सोडलं. एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज ट्रॅममधल्या घोषणेसारखा.

"तू ती मिसळणारी बाई ना? माझ्याकडे चार बिअरी आहेत. प्रत्येकी वीस लिटर. मुलीचं लग्न आहे."

"अभिनंदन. बिअरी कशा झाल्या आहेत?"

"त्यासाठीच फोन केलाय."

मी गेले. बागेतल्या शेडमध्ये चार पिंपं ओळीने उभी होती आणि शेजारी खेरिट, आरोपीच्या वकिलासारखा. पहिली बिअर गोड, कारण तिचं यीस्ट अर्ध्यातच झोपलं होतं आणि साखर तशीच उरली होती. दुसरी कडू, कारण हॉप्स घातले होते हे विसरून त्याने ते पुन्हा घातले होते. तिसरीत पाणी जास्त. चौथीचं झाकण नीट लागलं नव्हतं, म्हणून शेडमधले जंतू आत जाऊन ती आंबट झाली होती. व्हिनेगरसारखी नव्हे, चांगल्या ताकासारखी. चारांतली एकही अख्खा ग्लास पिण्यालायक नव्हती.

"सान्नेने स्वतः मागितलीय," खेरिट म्हणाला. सान्ने म्हणजे त्याची मुलगी. "म्हणाली, बाबा, लग्नात तुझी बिअर. लहानपणापासून तिने मला इथे ढवळताना पाहिलंय."

"मग तिला चव माहीत असेल."

"नाही ना. ती वाइन पिते. आणि व्याही ब्राबांटचे आहेत. तिकडे लोकांना बिअरमधलं कळतं. मारैके म्हणते, उगीच हसं नको, कारखान्याचे क्रेट मागवू. आता क्रेट आले तर ते क्रेट मला मरेपर्यंत ऐकवले जातील."

हातात तीन आठवडे होते. मी त्याच्या स्वयंपाकघरात ग्लास मांडले. आधी गोड आणि कडू एकत्र केल्या. त्या एकमेकींवर नुसत्या डाफरत होत्या. त्यांच्यात पाणचट घातली तशा दोघी जरा लांब बसल्या. मग सिरिंजने आंबट सोडायला लागले, एकेक मिलिलिटर. खेरिट प्रत्येक ग्लासाला "लेकर!" म्हणायचा, म्हणजे छान. जो माणूस सगळ्याला छान म्हणतो त्याला मी खोलीबाहेर पाठवते. त्याला चहा करायला लावला आणि शेवटी प्रमाण बसलं. गोड पन्नास टक्के, कडू वीस, पाणचट अठरा, आंबट बारा. त्या ग्लासात मुरलेल्या संत्र्याच्या सालीसारखी चव होती. संत्रं कुठेही नव्हतं.

खेरिटने घोट घेतला. यावेळी तो "लेकर" म्हणाला नाही. खुर्चीवर बसला.

"हे माझं आहे?"

"हो, पण नीट ऐक. ही बिअर आत्ता मिसळायची नाही. चारही वेगवेगळ्या ठेवायच्या आणि लग्नाच्या सकाळी मिसळून लगेच वाढायच्या. आंबटीत जिवंत जंतू आहेत आणि गोडीत साखर आहे. एकत्र बाटलीत कोंडलंस तर ते साखर खात बसतील, गॅस करतील आणि बाटल्या फुटतील. विरजणासारखं आहे. चमचाभर दही दुधात घातलं की ते चमचाभर राहत नाही, सगळ्या दुधाचं दही होतं."

खेरिटने गंभीरपणे मान डोलावली. मी निश्चिंत झाले. माझं चुकलं ते इथे. ज्याच्या घरी दही लागतं त्याला हे सांगावंही लागत नाही. खेरिटने जन्मभर दही लिटरच्या पुड्यातून आणलं होतं. ते कारखान्यात एखाद्या यंत्रातून तसंच बाहेर येतं अशी त्याची समजूत होती. मी विरजणाचं उदाहरण देत होते आणि तो सौजन्य म्हणून माझ्या धर्माबद्दल ऐकून घेत होता.

लग्न शनिवारी होतं. त्याआधीच्या बुधवारी सकाळी फोन आला.

"स्मिता, तू म्हणाली होतीस ना, बाटल्यांत भरू नको?"

"हो."

"कधीपर्यंत भरू नको म्हणाली होतीस?"

"कधीच नाही."

"हं. मग एक अडचण आहे."

झालं होतं असं की मारैकेने मेसेज पाठवला होता, 'क्रेट मागवू का, शेवटचं विचारते.' या माणसाने सान्ने आणि रूबेन या जोडीच्या फोटोची लेबलं आधीच छापून घेतली होती. त्याने माझ्या प्रमाणाने चाळीस लिटर मिसळली, एकशे वीस बाटल्या भरल्या, लेबलं चिकटवली, फोटो काढला आणि उत्तर म्हणून तो पाठवून दिला. खाली लिहिलं, 'गरज नाही.' मग हवा तापली. आता शेडच्या वरच्या फळीवरच्या तीन बाटल्या आपल्या आपण फुटल्या होत्या आणि खेरिट बागेच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून माझ्याशी बोलत होता.

क्रेट अजून मागवता आले असते. मी तसं म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "मारैकेला फोन करायला लागेल." ट्रॅममधला आवाज कुठेतरी मागच्या स्टॉपला उतरला होता.

मी नवऱ्याला हाक मारली. मंदार घरून काम करत होता, म्हणजे मीटिंगमध्ये आवाज बंद करून पोहे खात होता.

"अरे, तुझं क्रिकेटचं हेल्मेट आणि कीपिंगचे ग्लोव्हज दे. आणि गॅरेजमधली मंडळाची दोन मोठी पातेली गाडीत ठेव."

"पातेली कशाला?"

"एकशे सतरा बाटल्या उघडायच्या आहेत. फेस धरायला मोठं भांडं हवं."

"स्मिता, अगं, त्यात मागच्या महिन्यात प्रसादाचा शिरा झालाय!"

"घासून ठेवलीत मी. परत घासून देईन."

"काकूंना कळलं तर?"

"त्यांना आधीच वाटतंय माझी भट्टी आहे. निदान त्यांचा अंदाज तरी खरा ठरेल."

आमची मुलगी जिन्यावरून हे सगळं मराठीत ऐकत होती. ती डचमध्ये म्हणाली, "आई, शाळेत कोणी विचारलं तर तू अकाउंटंट आहेस." आणि वर निघून गेली.

बाटल्यांना चिनी मातीची, तारेच्या कडीची बुचं होती, हे नशीब. अशी बाटली हळूहळू, फुसफुस करत उघडता येते. मी मंदारचं हेल्मेट घातलं, खेरिटने जुन्या मोटरसायकलचं. प्रत्येक बाटलीवर ओला टॉवेल टाकायचा, पातेल्यात आडवी धरायची आणि कडी सोडायची. वरच्या फळीवरच्या बाटल्या कारंज्यासारख्या उडाल्या. निम्मी बिअर भिंतीवर गेली. प्रत्येक बाटलीवरून सान्ने आणि रूबेन आमच्याकडे बघून हसत होते. शेजारीण कुंपणावरून डोकावली, दोन हेल्मेटं आणि शिऱ्याचं पातेलं बघून गेली आणि काही विचारलं नाही. हा या देशाचा मला सगळ्यात आवडणारा गुण आहे.

हाती लागली चोवीस लिटर. मी फेस बसू दिला आणि चाखली. वरच्या फळीवरची साखर पार संपली होती, चव कोरडी आणि धारदार झाली होती. खालच्या फरशीजवळच्या बाटल्या गारव्यात राहिल्या होत्या, त्यांच्यात थोडा गोडवा शिल्लक होता. दोन्ही एकत्र केल्या. तरी धार जास्त होती. गोड बिअर तर आम्ही सगळी वापरून बसलो होतो.

"साखर घालू या का?" खेरिट म्हणाला.

"नाही. बाहेरचं काही घालायचं असेल तर मग मारैकेचे क्रेटच घालू."

तो हेल्मेटच्या आतून काहीतरी पुटपुटला. ते इथे छापण्यासारखं नाही.

उरली होती ती पाणचट. जिला कोणी विचारत नव्हतं. मी ती दहा टक्के घातली, पंधरा घातली, वीसला धार खाली बसली. संत्र्याची साल गेली होती ती गेलीच. तिच्या जागी हिरव्या सफरचंदासारखं काहीतरी आलं होतं. या धंद्याचं दुःख हेच आहे. घरची बिअर, एकदाच जमलेली चूक, पुन्हा तशी होत नाही. माझी सगळ्यात सुंदर मिश्रणं लोकांनी एका संध्याकाळी पिऊन टाकली आहेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांना आठवलं ते फक्त दुखरं डोकं. रंगाचा घाणा निदान भिंतीवर तरी राहतो.

चोवीस लिटर मिश्रण आणि सहा लिटर पाणचट, अशी तीस लिटर झाली. ती आम्ही उसन्या आणलेल्या दोन स्टीलच्या पिंपांत भरून शनिवारपर्यंत थंडगार ठेवली, म्हणजे जंतू गप्प राहतील. महिनाभर ती टिकली नसती. तिला टिकायचं नव्हतंच, टेबलापर्यंत पोचायचं होतं. बाटल्यांतून वाढायचं नव्हतं, म्हणून उरलेली लेबलं वाढायच्या जगांवर चिकटवली. हिशेबाने माणशी दोन ग्लास. तिसरा मागेल त्याला पाणी.

लग्न एका जुन्या गोठ्यात केलेल्या हॉलमध्ये होतं. मला बोलावलं होतं आणि मी जगांजवळच उभी राहिले, कारण कोणी एखादा जग उन्हात नेऊन ठेवला तर माझं नाव जायचं. ब्राबांटचे व्याही, मोठ्या पोटाचे, शांत गृहस्थ, जगाकडे एकदा आणि खेरिटकडे एकदा बघून कॉफी प्यायला गेले. खेरिटने भाषण केलं. मुलीबद्दल बोलला, जावयाबद्दल बोलला, बिअरबद्दल एवढंच म्हणाला, "ती मी केली आहे, सावकाश प्या." माझं नाव घेतलं नाही. मला त्यात काही वाटलं नाही. गवंड्याचं नाव कोणी भिंतीवर लिहीत नाही, रंगवाल्याचं तर नाहीच.

भाषण संपलं तशी एक उंच, आखूड केसांची बाई ग्लास घेऊन सरळ माझ्याकडे आली. ग्लास अर्धा रिकामा होता.

"मी मारैके. तू ती मिसळणारी."

"हो."

"मला खरं सांग. यात त्याची किती आणि दुकानातली किती?"

लग्नात लोक सोयीचं बोलतात. मला ते जमत नाही. सुदैवाने या वेळी गरजही नव्हती.

"शंभर टक्के त्याची."

"आणि तुझं काय आहे यात?"

"एक थेंबही नाही. मी फक्त प्रमाण काढलं."

तिने ग्लास उजेडात धरला. "ती त्याची भयंकर कडू असते, ती यात आहे?"

"सोळा टक्के."

"आणि ती पाणचट? प्रत्येक उन्हाळ्यात करायचा, डिशवॉशरमधून काढल्यासारखी लागायची, ती?"

"चौतीस टक्के. ऐन वेळी तीच कामाला आली."

मारैकेने उरलेली बिअर एका दमात संपवली आणि हॉलच्या पलीकडे बघितलं. खेरिट तिथे एका खांबाआड उभा होता, हातात रिकामी ताटली. आम्ही काय बोलतोय ते त्याला ऐकू येत नव्हतं. आपल्याबद्दल बोलतोय एवढं कळत होतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "तीस वर्षं हा गाढव मला त्या एकेक करून पाजत होता."



तिने माझ्यासमोरचा भरलेला जग उचलला. मी सवयीने म्हणाले, "माणशी दोनच," पण ती निघाली होती. ती सरळ व्याह्यांच्या टेबलाशी गेली, त्यांचा कॉफीचा कप बाजूला सरकवला आणि न विचारता ग्लास भरला. व्याह्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग त्यांनी जगावरच्या लेबलाकडे निरखून बघितलं आणि विचारलं, कुठल्या कारखान्याची?

"माझ्या माजी नवऱ्याची," मारैके म्हणाली, खांबापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "चार वेळा चुकलाय, तेव्हा झाली."